बाईंचा बर्फ

बाई गेल्याचा निरोप पोस्टातल्या फोनवर आला. त्या दिवशी चामोर्शीचा बाजार होता आणि मी वांगी निवडत उभी होते. आमचे हे मला शोधत आले, तेव्हाच ओळखलं की काहीतरी बिनसलंय, कारण शाळेच्या वेळात बाजारात फिरणारा हा मास्तर नव्हे. "वहिनी गेली," एवढंच म्हणाले. ताप मेंदूत चढला होता. आमच्याकडे धान पिकायच्या दिवसांत घरोघरी ताप असतो, त्याचं कोणी मनावर घेत नाही, बाईंनीही घेतलं नाही. मूलमार्गे चंद्रपूरला जाणाऱ्या एस.टी.त बसले आणि रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की आता करुणा कोणाकडे राहील. लिहायला बरं वाटत नाही, पण आलं तेच आलं.

बाई म्हणजे माझी मोठी जाऊ, सुलोचना. करुणा त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यानुमोदनाला कारखान्याच्या कॉलनीतली आणि गावाकडची मिळून बरीच माणसं जमली होती. त्रिशरण-पंचशील झाल्यावर एकेक जण उठून बोलला आणि प्रत्येक जण शेवटी बर्फावर आला. आपल्या माणसांतली आल्प्स पाहून आलेली पहिली बाई, तेही एकदा हिवाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात... मलाही बोलायला सांगितलं. मी उठले नाही. मला जे बोलायचं होतं ते त्या मांडवात बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, चंद्रपूरकडे एका कारखान्यात इंजिनियर. तिथलं नवं मशीन ऑस्ट्रियाहून यायचं होतं. दिल्लीला एशियाड झालं त्या हिवाळ्यात ते मशीन शिकायला कारखान्याने त्यांना तिकडे पाठवलं. भासऱ्यांचं पोट नाजूक, परक्या हातचं पचत नाही, म्हणून बाईंनीही जायचं ठरलं. करुणा तेव्हा चार वर्षांची. दर हिवाळ्यात तिची छाती भरायची, आणि डॉक्टर म्हणाले की तिकडची थंडी हिला मानवणार नाही. तेव्हा पोरगी आमच्याकडे आली. आम्हाला मूलबाळ नाही, हे इथेच सांगून टाकते. बाई विमानाने तिकडे गेल्या तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. लग्न होऊन आलो तेव्हा आम्ही दोघी एकाच बांधीत, एकाच चिखलात वाकून रोवणी केलेल्या. आता एकीने विमानात बसावं आणि दुसरीने तिच्या पोरीला वाफारा देत बसावं! मी तर तोवर आपल्याच जिल्ह्यातलं भामरागडसुद्धा पाहिलं नव्हतं.

पण पोरगी मोठी गोड. महिन्याभरात तिचं कॉलनीतलं बोलणं सुटलं आणि ती आमच्यासारखी बोलायला लागली. शेजारची पोरं आपापल्या आईला माय म्हणत, तशी तीही मला माय म्हणू लागली. मी शिकवलं नाही. थांबवलंही नाही. बाई परत आल्या त्या दिवशी करुणा खळ्यात धानाच्या तणसाच्या ढिगावरून पोरांबरोबर घसरत होती, डोक्यात सगळं तणीस. बाई फाटकातूनच म्हणाल्या, "असंच घसरतात तिथी, पायाले फळ्या बांधून." करुणाने त्यांच्याकडे पाहिलं आणि पळत येऊन माझ्या लुगड्यामागे लपली. "माय, कोन आल्ली?" बाईंचा चेहरा मी पाहिला. खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटलं.

मग बाईंचा बर्फ सुरू झाला. बारसं असो की लग्न, बाई बसल्या की बर्फ. डोंगरावर तारा ओढलेल्या, तारेला जत्रेतल्यासारखे पाळणे लटकवलेले, त्यात बसून माणसं वर जातात आणि फळ्यांवर उभी राहून खाली येतात. पुन्हा वर, पुन्हा खाली, काम ना धंदा. माझ्या सासूच्या वयाच्या म्हाताऱ्या गुडघे वाकवून वाऱ्यासारख्या जातात. बर्फ पायाखाली सुक्या कोंड्यासारखा करकरतो आणि उन्हात त्याच्याकडे पाहवत नाही, काळा चष्मा लागतो. बाईंनी साडीच्या आत भासऱ्यांची पँट घातली होती म्हणे, आणि हॉटेलच्या दारातच सपशेल आडव्या झाल्या, तर दोन गोऱ्यांनी उचललं. हे सांगताना बायका पोट धरून हसत. मीही हसायची आणि भाकरी जरा जोरात थापायची. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण आमच्या जावेने तो जवळून पाहिला होता, तेव्हा ती म्हणही माझ्या कामाची राहिली नव्हती.

दीड वर्षाने भासऱ्यांना पुन्हा बोलावणं आलं, या वेळी उन्हाळ्यात. आता थंडीचा प्रश्न नव्हता. बाईंनी ठरवलं की करुणाला न्यायचं. डॉक्टरांनी हो म्हटलं, फ्रॉक शिवले, पासपोर्टचा फोटो निघाला. जायच्या आधी त्या तिला घेऊन आमच्याकडे भेटायला आल्या आणि पोरगी माझ्या कमरेला जी चिकटली ती सुटेचना. बर्फ दाखवतो म्हटलं, पाळण्यात बसवतो म्हटलं. नाई म्हणजे नाई. भासरे रागावले, तर ती तापानेच फणफणली. शेवटी बाई म्हणाल्या, "राहू द्या." मी पोरीची समजूत काढू शकले असते, असं कोणाला वाटेल. मला नाही वाटत, आणि मी काढलीही नाही. बाई एकट्या भासऱ्यांबरोबर गेल्या. त्या उन्हाळ्यात इकडे आग बरसत होती, मी आणि करुणा ओल्या चादरीखाली पडून आंब्याच्या कोया चोखत होतो, आणि आल्प्स ही काय चीज आहे याची मला एकदाही आठवण झाली नाही.

त्या परत आल्या आणि कोणाला काही सांगेनात. बायकांनी विचारलं तर म्हणत, तेच आहे, तोच डोंगर. मला मात्र राहवेना. पाऊस उघडल्यावर त्या पोरीला घेऊन आमच्याकडे आल्या, आणि एका दुपारी आम्ही दोघी मुगाच्या शेंगा वाळत घालत होतो, तेव्हा मीच विषय काढला. बाई हळूहळू बोलू लागल्या. बर्फ नव्हता. ज्या उतारावर माणसं घसरत होती तिथे गुडघाभर गवत होतं, आणि त्यात गळ्यात घंटा बांधलेल्या गायी. हिवाळ्यात लोकांना हात देऊन पाळण्यात बसवणारा माणूस आता बायकोसोबत गवत वाळवत होता. त्याने बाईंना साडीवरून ओळखलं आणि फुकटात वर पाठवलं. पाळणे सगळे रिकामेच चालले होते. भासरे खाली राहिले, बाई एकट्या बसल्या... इथे त्या थांबल्या. शेंगा पसरणारा हात तसाच राहिला.

"खाली त्याची लेकरं गवताच्या ढिगावरून घसरून राह्यली होती, निमा," त्या म्हणाल्या. "मले मंग काईच पाहू वाटलं नाई."

मी टोपलीतली पुढची मूठ पसरली.

"तू मायावर जळतेस, मले मालूम हाय. लगन झालं तवापासून जळतेस. पर मी तुयावर जितकी जळतो ना, तितकं तुले या जन्मी जमाचं नाई."

असं म्हणून त्या उठल्या आणि पोरीला घेऊन संध्याकाळच्या गाडीने चंद्रपूरला गेल्या. भांडण झालं नाही, अबोलाही नाही. सणावाराला भेटत राहिलो. पण त्यानंतर करुणा आमच्याकडे राहायला म्हणून कधी आली नाही. बाईंनी बर्फाच्या गोष्टी पुन्हा सांगायला सुरुवात केली, आता फक्त तिला, रोज सकाळी शाळेसाठी वेणी घालताना. हे मला भासऱ्यांकडून कळलं. पोरीला माझ्याकडून परत घेण्यासाठी त्यांनी सगळा आल्प्स कामाला लावला होता, आणि मला तो चामोर्शीत बसून दिसत होता.

आता करुणा माझ्याकडे आहे. भासऱ्यांच्या कारखान्यातल्या पाळ्या, घरात बाईमाणूस नाही, दुसरा मार्गच नव्हता. तिचं नाव इथल्या शाळेत घातलं. जे हवं होतं ते मिळालं, असं म्हणायला जीभ वळत नाही. पोरगी शहाणी आहे, जेवते, अभ्यास करते, मोठ्याने रडत नाही. परवा सकाळी केस विंचरायला माझ्यापुढे पाठ करून बसली आणि म्हणाली, "बर्फाचं सांग ना." मी म्हटलं, मी कुठे पाहिलाय. ती म्हणाली, तुले येते, मम्मी सांगे तवा तू आयकत होतीस.

येत तर होतंच. माझ्याइतका तो बर्फ कोणी कान देऊन ऐकला असेल? मी तारांपासून सुरुवात केली, पाळणे आणले, म्हाताऱ्या आणल्या, बाईंना हॉटेलच्या दारात पाडलं. करुणा हसली नाही. मान तशीच ठेवून ऐकत होती. मग तिने मागे हात आणून माझं मनगट धरलं.

"तसं नाई, काकू," ती म्हणाली. "मम्मी पडली म्हनलं का मम्मी पहिले इथी थांबे. अन् मंग मायी वेणी ओढे."

मी थांबले. तिची वेणी हलकेच ओढली. मग पुढचं सांगितलं.