दुसऱ्यांच्या तासांची राखण

मला खोलीच्या मधोमध उभं केलं होतं. समोर सतरंजीवर नाट्यमंडळाचे तेरा जण. टेबलावर फुटलेली ढोलकी आणि तिच्याशेजारी एक कागद. त्यावर आधीच लिहून ठेवलेलं, माझ्या निष्काळजीपणामुळे ढोलकी फुटली, मी माफी मागते. खाली सहीपुरती जागा.

"कर सही," मंडळाचा सेक्रेटरी म्हणाला. मग सगळ्यांकडे बघून हसला. "चांदीपहून येते, खेड्यातून. म्हटलं, राखणीचं काम तरी जमेल. तेवढंही नाही जमलं."

सगळे हसले. एकजात सगळे. ज्यांच्यासाठी मी दीड वर्ष त्या खोलीत बसले, तेसुद्धा.

दीड वर्ष! विरारच्या आमच्या कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर मंडळाची खोली आहे. ती सांभाळायला आम्ही सहा स्वयंसेवक, सेक्रेटरी धरून. प्रत्येकाला रोज एकेक तास. कुलूप उघडायचं, कोण काय घेऊन गेलं ते लिहायचं, वाद्यं झाकून ठेवायची. तास संपला की रजिस्टरमध्ये सही आणि पुढच्याच्या हातात किल्ली. नियम असा. पण सोमवारीच सगळे आख्ख्या आठवड्याच्या सह्या ठोकून मोकळे व्हायचे आणि कॅन्टीनला पळायचे. "तुझी एसटी संध्याकाळची ना? मग थांब की तू." मी थांबायचे.

खालच्या हॉलमधून तालमीचा आवाज वर यायचा. हशा, टाळ्या. मी वर एकटी, खुर्चीवर, त्यांचे संवाद पुटपुटत. सगळ्यांचे पाठ होते मला. दिवसचे दिवस कुणी जिना चढून यायचं नाही, आलं तर सामान न्यायला. मला वाटायचं, इतकं करतेय, तर एक दिवस आपलीच म्हणतील. वेडी होते मी, दुसरं काय!

आई एकदा म्हणाली, "तू कालेजात शिकाला जाते का राखन कराला?" मी तिच्यावरच खेकसले. त्याची लाज अजून वाटते.

ढोलकी फुटली त्या बुधवारी आई तापाने फणफणली होती. मी माझा तास भरला, बारा वाजता किल्ली सेक्रेटरीच्या हातात दिली आणि घरी गेले. बारानंतरचा तास त्याचाच. तो गेला कॅन्टीनला, खोली उघडी टाकून. कोण आलं, कोण ढोलकीवर बसलं, देव जाणे.

खिडकीपाशी मंडळाचे सर उभे होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. ते हळूच म्हणाले, "कर गं सही. तुझी भूमिका राहील, मी बघतो. विषय संपव."

यंदाच्या स्पर्धेत मला पहिल्यांदाच भूमिका मिळाली होती. चार वाक्यांची. त्या चार वाक्यांसाठी मी पेन हातात घेतलं. टोपणही काढलं. खोटं कशाला सांगू?

आणि मग त्या कागदावरचं माझं नाव वाचलं. चुकीचं लिहिलं होतं. दीड वर्ष मी यांची दारं उघडली, आणि यांना माझं नावही धड माहीत नव्हतं.

अंगाचा तिळपापड झाला. कपाटातून रजिस्टर काढलं, बुधवारचं पान उघडून टेबलावर आपटलं. बारा ते एकच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"ही सही कोनाची?"

सेक्रेटरी म्हणाला, "अगं, ती नुसती फॉर्मॅलिटी असते."

"मग या कागदावर पन फॉर्मॅलिटी म्हनून तुम्हीच करा सही."

पेन ठेवलं आणि बाहेर पडले.

भूमिका गेली. संध्याकाळपर्यंत ग्रुपमधूनही काढलं. मी रडले, भरपूर रडले. पण स्वयंसेवकांच्या यादीतून मला काढायची सरांची छाती झाली नाही, कारण मग बुधवारचं पान प्राचार्यांपुढे गेलं असतं.

आता मी रोज अकराला जाते. तासभर बसते. कुणी बोलत नाही, मीही बोलत नाही. बाराच्या ठोक्याला सही करते. पुढचा आला नसेल तर कुलूप लावते, किल्ली ऑफिसात देते आणि निघते. पाठीमागून हाका येतात, "अगं, थांब की जरा!"

मी थांबत नाही. माझ्या तासाची जबाबदारी माझी, आणि ती मी जीव गेला तरी टाळणार नाही. तुमच्या तासाला तुम्ही या. नाही आलात, तर दार बंद राहील.