अडीचची अ‍ॅलन की

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, ते तुमचं-माझं काही नातं नाही म्हणून. ऐकताना मान हलवू नका. ‘होतं माणसाकडून’ असं तर मुळीच म्हणू नका. ते वाक्य मी स्वतःवर वापरून पाहिलंय. टिकत नाही.

गोष्ट खेळण्यातल्या गाडीच्या एका हत्याराची आहे. हसू आलं? येऊ द्या. माझा साडू असाच हसायचा — मोठ्याने, मांडीवर थाप मारून, चारचौघांत. त्याचं नाव राजाराम, सगळे राजाभाऊ म्हणतात. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा, वंदनाचा नवरा. पिंपळगावला द्राक्षांचं पॅकहाऊस, दारात दोन टेम्पो, आणि आवाज असा की फोनवर बोलला तर फोनची गरज काय, असं वाटावं. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. आजही आवडत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे शेवटी माझं मन विरघळलं वगैरे असं काही तुम्ही शोधत बसणार नाही.

मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. आलेला माल मोजायचा, मापात असेल तर पुढे, नसेल तर परत. माझ्या सहीने गेलेल्या पेटीत चुकीच्या मापाचा एकही नग सापडला नाही, आणि याचा मला गर्व होता. राजाभाऊ मला ‘मायक्रॉनसाहेब’ म्हणायचा. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. माझ्या कामाची थट्टा करायला माझ्याच कामातला शब्द.

रिमोटच्या गाड्यांचा नाद मला नव्वदच्या आसपास लागला. रविवारी सकाळी सिडकोतल्या एका मोकळ्या मैदानावर आम्ही चारपाच जण जमायचो. लोकांना वाटतं, हा खेळ गाडी पळवण्याचा आहे. पळवणं थोडं, खोलणं फार. एक चक्कर मारली की धूळ दातेरी चाकांत जाते, स्क्रू सैल होतात, चाकाचा नट निसटतो. म्हणून नवा माणूस आला की पहिला प्रश्न हाच — हत्यारं कोणती घेऊ? आणि उत्तर द्यायचं काम माझ्याकडे असायचं.

थोडीच लागतात. पण ती मापाची हवीत. षटकोनी खोबणीच्या स्क्रूंसाठी अ‍ॅलन की — दीड, दोन, अडीच आणि तीन मिलिमीटर. नटांसाठी साडेपाच आणि सातचे बॉक्स पाने. टोक न झिजलेला एक फुली स्क्रू ड्रायव्हर. लांब चोचीची पक्कड. धूळ झाडायला जुना दात घासायचा ब्रश. स्क्रू धरून ठेवणारं निळं लिक्विड — लाल नाही, लाल लावलं की स्क्रू जन्माचा चिकटतो. बाकी पेटीत जे जे चकाकतं, ते दुकानदारासाठी असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं — की खोबणीत घट्ट बसली पाहिजे. जराशी सैल असली, तर ती स्क्रू फिरवत नाही, खोबणीचे कोपरे खाते. कोपरे गोल झाले की तो स्क्रू निघत नाही.

हे मला पाठ होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मग राजाभाऊला मी काय दिलं?

त्या वर्षी अधिक महिना मे-जूनमध्ये आला होता. सासऱ्यांनी दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. शेजारी शेजारी पाट, समोर रांगोळी, ताटात पुरणाचे धोंडे. मी मोठा जावई, म्हणून मला आधी वाढायला घेतलं, तर राजाभाऊ म्हणाला, “मामा, थांबा! मोठ्या जावयाला वाढताना वजनकाटा घेऊन बसा. पुरण एक मायक्रॉन कमी निघालं ना, ताट रिजेक्ट करतील!”

सगळे हसले. सासूबाई पदराआड हसल्या. माझी बायकोही हसली. पण मला लागलं ते सासऱ्यांचं हसणं. एवढ्या वर्षांत तो माणूस माझ्यासमोर कधी दात दाखवून हसला नव्हता. त्या दिवशी हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि मीच त्यांना पाणी दिलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? हो, एवढ्यावरूनच. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. मी शोधलं होतं.

जेवणानंतर राजाभाऊ मला बाजूला घेऊन गेला, सासऱ्यांच्या बागेतल्या पंपाच्या खोलीमागे. तिथे त्याचा आवाज एकदम खाली आला. मी त्याला तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

“भाऊसाहेब, घरात बोलू नका. वंदीला तेवढं माहीत हाय. थंडीत मला हलका झटका येऊन गेला. मुंबईला लग्नाला गेलो म्हणून सांगितलं, तेव्हा दवाखान्यात होतो. हा हात —” त्याने उजवा पंजा उघडून मिटून दाखवला. “जोर हाय का नाय, मलाच कळंना. डॉक्टर म्हणतो, बारीक कामं करा, बोटं चालती ठेवा. म्हणून दुबईवरून तुमच्यासारखी रिमोटची गाडी मागवली. लोकांना सांगतो हौस हाय. तुम्ही मला हत्यारं काढून द्या. माझी परीक्षा हाय ही.”

ऐकलंत? परीक्षा. हा शब्द त्याचा आहे. म्हणजे मला माहीत होतं. जे काही मी पुढे केलं, ते सगळं माहीत असताना केलं.

हत्यारं मी पुढच्या आठवड्यात काढली. बहुतेक नवी. अडीचची की मात्र माझ्याकडे जास्तीची नव्हती. कपाटात एक जुना संच होता, कारखान्यातल्या मोडीत निघालेल्या परदेशी मशीनबरोबर आलेला. त्यातली एक काढून मी ठेवली. तो संच इंची मापाचा होता, हे माझ्या लक्षात आलं नाही —

नाही. थांबा. हे मी इतक्या वेळा स्वतःशी असंच म्हटलंय की तोंडातून आपोआप तसंच निघून गेलं. लक्षात आलं होतं. मी कुठलीही वस्तू मोजल्याशिवाय हातावेगळी करत नाही, हीही केली नाही. व्हर्नियर लावला. दोन पूर्णांक अडतीस शतांश. इंचाचे तीन बत्तिसांश. अडीचच्या खोबणीत ही जाते, बसल्यासारखी वाटते, पण एकशेवीस मायक्रॉन सैल. दोन केस मावतील एवढी फट.

आणि त्या गाडीच्या तळाची पट्टी, चाकं धरणारे हात, मोटरचा कंस — सगळं अडीचच्या स्क्रूंवर उभं होतं. गाडी मी पाहिलेली होती.

मी किती वेळ विचार केला? फार नाही. मला ताट आठवलं, आणि ठसका.

अजून एक राहिलं. या किल्ल्यांना मी प्लास्टिकच्या मुठी बसवल्या, आणि हातात धरायच्या कोरणी मशीनने मुठींवर मापं कोरली. दीड. दोन. तीन. आणि त्या कीवर — २.५. माझ्या हाताने. कारखान्यात साहेब डोक्यावर उभे राहिले, माल निघायची घाई झाली, तरी मी कधी खोटा आकडा टाकला नव्हता. तो आयुष्यात एकदाच कोरला, आणि अक्षर चांगलं आलं होतं.

सगळं कॅनव्हासच्या घडीत गुंडाळून मी पिंपळगावला नेऊन दिलं. राजाभाऊने मुठींवरून अंगठा फिरवला. “एक नंबर! याला म्हणतात माणूस,” तो वंदनाला म्हणाला, “आमचे मायक्रॉनसाहेब!” त्या दिवशी त्या नावात थट्टा नव्हती. मला कळलं होतं ते. मी चहा घेतला आणि निघालो.

पावसाळाभर तो पॅकहाऊसच्या माडीवर दार लावून एकटा बसायचा. हात दिसू नये म्हणून कुणाला आत घ्यायचा नाही. कुणी आत असतं, तर कदाचित दुसरी की लावून पाहिली असती. मला अधूनमधून फोन यायचा. आवाज दर वेळी थोडा लहान.

“भाऊसाहेब, फिरतच नाय हो. नुसती सटकती.”

“जोर लावा,” मी म्हणायचो.

“लावतो ना. लय लावतो. हातात काय राहिलंच नाय बहुतेक.”

इथे मी काय म्हणायला हवं होतं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही माहीत होतं. ‘राजाभाऊ, ती की फेकून द्या.’ एवढंच. मी म्हणालो, “बघा प्रयत्न करून.”

दिवाळीत त्याने गाडी माझ्याकडे पाठवून दिली, हत्यारांसकट. माझ्याकडून होत नाही, तुम्ही चालवा, असा निरोप. मी ती ओट्यावर उलटी ठेवली, चष्मा लावला आणि एकेक स्क्रू पाहिला.

जे पाहिलं, ते मी खरं दडवून ठेवलंय. किल्लीपेक्षाही हे.

सगळे अडीचचे स्क्रू गेले होते. पण कसे? खोबण्या गोल, गुळगुळीत, सारख्या. सहाही कोपरे सारखे कापलेले. कमजोर हात असता तर की नुसती डुगडुगली असती, वरवर ओरखडे पडले असते. पोलादाचे कोपरे असे साफ उतरवायला दाब लागतो — सरळ, एकसारखा, न थरथरणारा. मी बिघडलेला माल पाहून कारण सांगणारा माणूस आहे. तेच माझं काम. त्या स्क्रूंवर लख्ख लिहिलेलं होतं, की या माणसाच्या उजव्या हातात भरपूर जोर आहे.

तो परीक्षेत पास झाला होता. आणि निकाल फक्त मला वाचता येत होता.

मी स्क्रू ड्रिल करून काढले. नवे बसवले, खऱ्या अडीचच्या कीने. जुने कचऱ्यात टाकले. पुढच्या रविवारी गाडी सिडकोच्या मैदानावर पळवली, आणि राजाभाऊला बघायला बोलावलं. हो, मीच बोलावलं. तो आला. उजवा हात स्वेटरच्या खिशात. गाडी वळणावर मागचं चाक सरकवत धूळ उडवून गेली, तेव्हा तो डाव्या हाताने मांडीवर थाप मारून म्हणाला, “वा भाऊसाहेब! हात पाहिजे तर असा!” बरोबरचे लोक माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मला बरं वाटलं. लपवत नाही. फार बरं वाटलं.

त्यानंतर त्याने हात सोडून दिला. बोटांचे व्यायाम बंद केले — गेलेल्या हाताला काय चोळायचं, असं म्हणायचा. टेम्पो चालवणं सोडलं. सह्या धाकट्या भावावर टाकल्या, आणि सह्यांबरोबर पॅकहाऊसही हळूहळू त्याच्याकडे गेलं. वर्षा-दोन वर्षांत बोटं खरोखरच आत वळली. यातलं झटक्याचं किती आणि माझं किती? प्रत्येक बिघाडाची टक्केवारी काढायची मला सवय. ही निघत नाही. पण शून्य नाही, एवढं नक्की.

आणि गंमत ऐका. तो आता हळू बोलतो. माझी थट्टा करत नाही. मला जे हवं होतं, ते सगळं मिळालं. तरी तो मला आवडत नाही. त्याच्याशेजारी बसलो की मला अजूनही तिडीक येते — आता तर जास्तच, कारण तो माझ्याशी चांगला वागतो.

मागच्या पाडव्याला त्यांच्याकडे जेवायला होतो. वंदनाने त्याचा वरणभात कालवून दिला, ताटात चमचा ठेवला. त्याने डाव्या हाताने चमचा उचलला. समोर भावाचे नवे व्याही बसले होते, त्यांनी सहज विचारलं, हाताला काय झालं.

“झटक्यात गेला,” राजाभाऊ म्हणाला. मग माझ्याकडे चमचा करून, “हे आमचे मोठे साडू. यांनी किती चांगली हत्यारं काढून दिली होती मला. एकदम मापाची. तरी नाय जमलं. तेव्हाच समजलो, हातच गेला आपला.”

व्याह्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं.

“होतं असं,” मी म्हणालो, आणि उजव्या हाताने पुढचा घास घेतला.