अनस, जनेल आणि पुढचा शब्द
निशातगंजच्या बाजारात हातगाडीवर अननस कापायला घेतला की त्या आंबटगोड वासानं मला सासूबाईंची ठेवणीतली साडी आठवते. त्या मूळच्या गोव्याच्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे उत्तरेत, गोमती नगरला राहायला आल्या. घरात कोकणी कुणालाच येत नव्हती. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, त्यांच्याशी मराठीत बोलायचा, नात हिंदीत उत्तर द्यायची. मी तेव्हा प्रबंधासाठी कोकणी आणि मलय भाषांची तुलना करत होते; पोर्तुगीजांनी दोन्ही किनाऱ्यांवर सोडलेले शब्द शोधत होते. मलय शब्द कोशात सापडले, कोकणी सासूबाईंना विचारले. पहिल्याच सकाळी त्या ती साडी नेसून रेकॉर्डरसमोर येऊन बसल्या. मलयमधला नानास, म्हणजे अननस, त्यांचा अनस. मलयमधली जेन्देला, म्हणजे खिडकी, त्यांचं जनेल. प्रत्येक शब्दामागून त्या काहीतरी सांगायला लागायच्या आणि मी म्हणायचे, "आई, नुसता शब्द सांगा ना." तीन दिवसांत यादी संपली. चौथ्या दिवशी बघते तर त्या पुन्हा तीच साडी नेसून बसलेल्या. "आज कुठले शब्द गो?" "झालं आई, आता नाही लागत." "अच्छा," त्या हिंदीत म्हणाल्या आणि साडी बदलायला आत गेल्या. आता त्या नाहीत. प्रबंध कपाटात पडून आहे. परवा ते रेकॉर्डिंग लावलं. त्या म्हणतात, "जनेल. त्या जनेलार बसून आमी…" आणि लगेच माझा आवाज येतो, "पुढचा."