गादीवाल्यांची नियमपुस्तिका

सासूबाईंना कुणी विचारलं, की तुमची सून काय करते, तर त्या सांगायच्या, "पुस्तकं लिहिते. पण त्यात गोष्ट नसते बाई. नुसतं हे करू नका, ते करू नका. आमच्या काळी तेवढ्यासाठी घरात सासू असायची."

सूनबाई हे ऐकून हसायची. पूर्वी मोठ्यानं हसायची, हल्ली नुसत्या ओठांनी. म्हातारीनं काही खोटं सांगितलं नव्हतं. एका लहानशा डिझाइन स्टुडिओत बसून ती कंपन्यांच्या नियमपुस्तिका करायची. एखाद्या कंपनीनं नवा लोगो करून घेतला, की तो कुठं लावायचा, केवढा लावायचा, कुठल्या रंगात, भोवती जागा किती मोकळी सोडायची, पत्राच्या कागदावर कुठं आणि कामगाराच्या शर्टावर कुठं, हे सगळं एकदा घालून द्यावं लागतं. नाहीतर ज्याच्या हाती लागेल तो त्या लोगोला आपल्या मनानं नटवतो. कुणी ताणून लांबडा करतो, कुणी सावली देतो, कुणी त्याच्या डोक्यावर ठिणग्या उडवतो. वर्षभरात त्याची अशी दशा होते की जन्मदात्यानंही ओळखू नये.

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि तीही ओ द्यायची. चष्मा गळ्यात, उजव्या मनगटाला पट्टा, खुर्चीच्या पाठीला घरून आणलेली उशी. ती मुळात इथं लागली होती अक्षरं काढायला. पेन्सिल, कागद आणि हातानं काढलेलं अक्षर, एवढंच तिला येत होतं आणि तेवढंच करावंसं वाटत होतं. एकदा कुणीतरी आजारी पडलं म्हणून एका सिमेंट कंपनीची पुस्तिका तिच्या गळ्यात पडली. तिनं ती नीट केली, हीच काय ती चूक. त्यानंतर सिमेंट झालं, विमा झाला, पाण्याचे पंप झाले, औषधं झाली. जे काम नेटकं, चिकट आणि कंटाळवाणं, ते मास्तरणीच्या टेबलावर. पेन्सिल डबीतच राहिली.

आणि आता गादीवाले.

गाद्या, उशा करणारी ही जुनी कंपनी एका म्हाताऱ्या गृहस्थांची होती. त्यांना सगळे काका म्हणायचे. व्यवहार बघायचा त्यांचा पुतण्या. पुतण्याला सगळं कसं भारदस्त हवं होतं. त्याच्या हट्टानं लोगोही तसाच झाला होता: कंपनीचं चार अक्षरी नाव, चारही अक्षरं एका रेषेत, ताठ, हजेरीला उभी राहिल्यासारखी. लोगो मास्तरणीनं केलेला नव्हता. तिच्याकडे आली फक्त त्याची पुस्तिका. आणि ती काही संपेना. पुतण्या आज निळा रंग गडद करा म्हणायचा, उद्या फिका करा म्हणायचा, परवा म्हणायचा की कालचाच बरा होता.

"वर्ष झालं गाद्यांचं काम करते आहे," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि एक रात्र धड झोप नाही."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "माझंही तसंच. दिवसभर लिफ्टमध्ये, पण वर काही जात नाही."

ती हे सगळं सोसत होती ते एका शब्दावर. स्टुडिओच्या मालकांना सगळे दादा म्हणायचे. गावाबाहेर लहान मुलांचं नवं हॉस्पिटल उभं राहत होतं आणि त्याच्या भिंतींवर हातानं काढलेली मोठमोठी अक्षरं हवी होती. मुलाला खाटेवर पडल्या पडल्या दिसावीत अशी. ते काम दादांकडे आलं होतं, आणि दादांनी तिला शब्द दिला होता, "गादीवाल्यांची पुस्तिका एकदा हातावेगळी कर. मग हॉस्पिटल तुझं. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

इतक्या वर्षांत दादांनी दिलेला हा पहिलाच शब्द होता, ज्यात 'बघू' नव्हतं.

शेवटी एकच पान राहिलं. 'काय करू नये' याचं पान. प्रत्येक पुस्तिकेत ते असतंच. त्यात वर बरोबर लोगो दाखवायचा आणि खाली त्याचे हालहाल: ताणलेला, तिरका, भलत्या रंगाचा. दुपारचं जेवण झालं होतं, कंबर भरून आली होती. 'अक्षरं वाकवू नयेत' या नियमाला चित्र हवं होतं. कॉम्प्युटरवर वाकवून ते नीट दिसेना. मग तिनं डबीतून पेन्सिल काढली आणि कागदावर ती चार अक्षरं वाकवली. नाहीतरी चुकीचंच दाखवायचं होतं, मग हात कशाला धरून ठेवायचा? पहिलं अक्षर मागे रेललं, दुसरं खोल रुतलं, तिसऱ्यानं दुसऱ्याच्या खांद्यावर मान टाकली, चौथ्यानं पाय पसरले. कागद स्कॅन केला, पानावर टाकला आणि वर लाल फुली मारली.

दादांनी पान पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, ही पुस्तिका आहे की परीक्षेचा पेपर? जिकडेतिकडे लाल फुल्या! गादीवाल्यांना वाटेल आपण त्यांना नापास केलं."

"मग चूक काय नि बरोबर काय, कळणार कसं?"

"बारीक ठिपका टाक. बरोबरला हिरवा, चुकीला लाल. आणि तो वरचा मथळा नि ते खालचे नियम एवढे ठळक नकोत, फिकट राखाडी कर. पान कसं सभ्य दिसायला हवं."

एरवी ती भांडली असती. त्या दिवशी तिला फक्त पान संपवायचं होतं. ठिपके टाकले, मथळा आणि नियम फिकट केले, फाईल पाठवली. पुतण्याचं उत्तर आलं, 'मस्त!' तिनं ते दोनदा वाचलं. पुढे 'पण' नव्हता.

त्या संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलावर तिनं कागद पसरले. हॉस्पिटलची अक्षरं. 'ग' ला पोट दिलं, 'ह' ला शेपूट दिलं. सासूबाई चष्मा लावून शेजारी येऊन बसल्या.

"हे कुणी करू नये असं आहे का?"

"नाही हो आई. हे करायचंच आहे."

"मग बरं आहे. हा 'ह' वात्रट दिसतो. तुझ्या नवऱ्यासारखा."

"मी ऐकतोय," आतून आवाज आला.

हे सुख मोजून आठवडाभर टिकलं. मग एका सकाळी पुतण्याचा फोन आला, आणि फोन कानापासून लांब धरावा असा त्याचा आवाज.

"मॅडम, हे काय करून ठेवलंय? गाड्या रंगवून झाल्या! सगळ्या!"

दादा आणि ती तसेच निघाले. कारखान्याच्या मागच्या अंगणात गाद्या पोचवायच्या टेम्पोंची रांग उभी होती. प्रत्येक टेम्पोच्या अंगावर, निळ्याशार रंगात, माणसाच्या उंचीची तिची ती चार अक्षरं निजली होती.

दादांच्या तोंडचं पाणी पळालं. ती गाडीतून उतरून नुसती उभी राहिली.

पुतण्या रंगाऱ्यावर तुटून पडला होता. रंगारी एक चुरगळलेला कागद नाचवत होता. पुस्तिकेतलं तेच पान, कारखान्याच्या म्हाताऱ्या काळ्यापांढऱ्या प्रिंटरवर छापलेलं. हिरवा ठिपका करडा, लाल ठिपकाही करडा. फिकट राखाडी मथळा आणि नियम तर उमटलेच नव्हते. लोगो एका रंगात छापला तरी ओळखू आला पाहिजे, हे त्याच पुस्तिकेत तिनंच लिहिलं होतं. ठिपक्यांना हा नियम लावायचं तिच्याही डोक्यात आलं नाही आणि दादांच्याही.

"मी फोन केला होता तुम्हाला," रंगारी पुतण्याला म्हणाला. "कुठला काढू विचारलं. तुम्ही म्हणालात, पानावर आहे तो काढ, मी मीटिंगमध्ये आहे. आता पानावर हे ढीगभर! मला वाटलं, पसंतीला पाठवलेत."

"आणि तू पसंत केलास?"

"मग काय करू? ज्याच्यात हात रमला तो काढला."

तेवढ्यात काका आले. सावकाश चालत त्यांनी पहिल्या टेम्पोला वळसा घातला, मग दुसऱ्याला. मग ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"बाई, पुस्तिका तुमची. तुम्हीच सांगा. पुसा म्हणालात तर आजच पुसून टाकू. राहू द्या म्हणालात तर राहील."

दादा तिच्या कानाशी लागले. "पुसा म्हण. रंगारी दोन हात मारील, आपली पुस्तिका आहे तशी राहील, आणि तू उद्यापासून हॉस्पिटलला. एवढा एक शब्द टाक आणि सूट."

ती 'पुसा' म्हणायलाच तोंड उघडत होती. एक टेम्पो मागे घेत होते, तो तिच्या समोरून हळूहळू गेला. ती कंबर भरून आलेली दुपार तिला आठवली. ती अक्षरं तिनं कुठं वाकवली होती? स्वतःला जसं आडवं व्हावंसं वाटत होतं, तशी नुसती आडवी केली होती. टेम्पो वळला आणि तिसऱ्या अक्षराची कललेली मान बघून तिलाच जांभई आली. खरीखुरी, डोळ्यांत पाणी आणणारी.

"राहू द्या," ती म्हणाली.

"अगं!" दादा म्हणाले.

"हाच चांगला आहे, काका. तो दुसरा गादीच्या दुकानाचा वाटत नाही. बँकेचा वाटतो."

काकांनी मान डोलावली. "मलाही तो कर्ज नाकारायला बसलाय असंच वाटायचं. पण पुतण्या म्हणाला, हल्ली असंच असतं."

पुतण्या म्हणाला, "मग पुस्तिका?"

मग तीच म्हणाली, "पुन्हा करावी लागेल. पहिल्या पानापासून."

परतीच्या वाटेवर दादा बराच वेळ नुसते हॉर्न वाजवत होते. सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "तुला काय तिथंच खरं बोलायची भूक लागली होती?"

"विचारलं त्यांनी."

"विचारतात लोक. कसे आहात असंही विचारतात, म्हणून आपण दुखणी सांगतो का?" सिग्नल सुटला. "हॉस्पिटल थांबणार नाही. भिंती तयार आहेत. आणि गादीवाल्यांना तुझ्याशिवाय चालणार नाही. माझ्या हातात काही नाही बाई."

"माहीत आहे."

"धाकटीला द्यावं लागेल."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिचा हात चांगला आहे."

धाकटी म्हणजे शेजारच्या टेबलावरची पोरगी, नवीनच लागलेली. दुसऱ्या दिवशी मास्तरणीनं घरून कागदांची गुंडाळी आणली आणि तिच्यापुढे ठेवली. पोरीनं ती उलगडली आणि तिचा चेहरा उतरला.

"ताई, हे तुमचं आहे. मी कसं घेऊ?"

"दोन्ही हातांनी घे. सगळं वापरू नकोस, तुझं तू काढ. फक्त खाटेवर झोपून बघ एकदा. उभ्यानं काढलेलं अक्षर खालून वेगळं दिसतं. आणि 'ळ' मला जमलेला नाही, त्याच्या नादी लागू नकोस, पहिल्यापासून नवा काढ."

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. पण आत्ता मला निळा रंग ठरवायचाय, तर तू जरा सरक."

घरी सासूबाईंनी रिकामं टेबल बघितलं. त्यांनी तिच्या ताटात आणखी भात वाढला. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तू काढलेलं अक्षर गावभर फिरणार?"

"हो."

"आणि म्हणून तुला अक्षरं काढायला मिळणार नाहीत?"

"हो."

अभिनंदन करावं की समजूत काढावी, हे त्याला ठरवता येईना. शेवटी म्हणाला, "झोप लवकर आज."

पण खरी गंमत पुढेच होती. नियमपुस्तिकेत नुसतं चित्र देऊन भागत नाही, माप द्यावं लागतं. दुसऱ्या कुणी काढलं तरी तसंच उतरलं पाहिजे. तिनं पडद्यावर आपल्याच अक्षरांवर चौकटी आखल्या. पहिलं किती रेललंय? दुसरं किती रुतलंय? वक्ररेषा लावली, तर पहिल्याला बसली, दुसऱ्याला बसेना. दुसऱ्याला बसवली, तर तिसऱ्याची मान मोडली. चौथ्याचे पाय तर कुठल्याच हिशेबात येईनात. त्या दुपारी हात कसा फिरला होता, हे तिला आठवेना. तिनं पुन्हा पेन्सिल घेऊन तीच अक्षरं काढून पाहिली. आता ती सावध झाली होती. अक्षरंही सावध आली, झोपेचं सोंग घेतल्यासारखी.

दादा मागून डोकावले. "किती दिवस?"

"आधी नियम सापडू दे."

"अगं, तूच तर काढलंस!"

"म्हणूनच सापडत नाही," ती म्हणाली. पट्ट्याखालचं मनगट चोळलं, पाठीची उशी नीट केली, आणि पहिल्या अक्षराची रेषा पुसून परत लावायला घेतली.