धप्प आवाज एकदाच आला

माझी फजिती ऐकायचीय ना? मग आधी चहा संपवा. मधेच ठसका लागला तर मी जबाबदार नाही. तो हसून लागेल की भिऊन, तेही आत्ताच सांगत नाही!

सन पन्नासच्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरात स्टुडिओ जोरात होते आणि मी गर्दीतला नट होतो. लग्नाचा सीन असला की पंगतीत, बाजाराचा असला की वांगी निवडायला. वडिलांचा कागलहून एकच धोशा, "पडद्यावर नाव दिसू दे, न्हायतर मुकाट येऊन दुकानात बस." आणि एक दिवस नशीब उघडलं. आमच्या दिग्दर्शकांनी, त्यांना सगळे मास्तर म्हणत, मला आबांचं प्रतिबिंब केलं!

आबा म्हणजे विनोदाचे राजे. नुसते घसरले तरी थिएटरात शिट्ट्या. सीन असा: आरशाची रिकामी चौकट. अलीकडे आबा, पलीकडे त्यांच्यासारखाच नटलेला मी. आबा मिशी पिळणार, मी पिळणार. आबा पडणार, मी त्याच क्षणी पडणार. जमलं तर माझं नाव पडद्यावर. नाही जमलं तर कागल, गादी आणि तराजू.

शूटिंगच्या दिवशी दुपारी रंगपटात गणूमामांनी मला रंगवलं. पोटावर उशी, डोक्याला फेटा, ओठावर झुपकेदार मिशी, हातात काठी. माझा चष्मा काढून त्यांनी आपल्याच खिशात घातला. भिंतीला टेकलेला त्यांचा पुरुषभर उंच आरसा आज दिसत नव्हता.

"मामा, आरसा कुठाय? बघू तरी कसा दिसतोय."

"सकाळधरनं गायब हाय. कुणी उचलला देव जाणे! माझ्या हातावर इस्वास हाय न्हवं? मग जा, तालीम कर जा."

गेलो. मंडळी जेवायला पांगलेली. शूटिंगच्या शेडमध्ये दिवे बंद. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा एक पट्टा आत आलेला आणि त्यापलीकडे ती चौकट. बाहेर रणरणतं ऊन, पण आत अंगावर काटा येईल असा गारवा होता.

आणि चौकटीत आबा उभे!

चष्मा नसला म्हणून काय झालं? ते पोट, तो फेटा, ती मिशी. आबांना कोण ओळखणार नाही?

"नमस्कार आबा," मी म्हणालो. त्यांनी हात जोडले. ओठही हलले. पण आवाज नाही.

मोठा माणूस, भूमिकेत शिरला असेल, म्हणून मीही गप्प. मिशी पिळली. त्यांनी पिळली. काठी पुढे केली. त्यांचीही आली. टोकाला टोक लागलं, टक्! अहो, नक्कल मी करायची आणि इथं आबाच माझी करतायत! शेवटी मी फरशीवर सपशेल आपटलो. तेही आपटले.

पण धप्प आवाज एकदाच आला.

पडल्या पडल्या मान वळवली. ते पडल्या जागेवरून माझ्याकडेच बघत होते. तोंडावर हसू नाही, काही नाही.  मी काढता पाय घेतला.

बाहेर चिंचेखाली मास्तर आणि गणूमामा चहा पीत होते.

"काय रं, झाली का तालीम?" मास्तरांनी विचारलं.

"झाली की! आबांसंगंच केली." इथं थांबायचं ना? पण मला शहाणपणाची उबळ आली. "मास्तर, खरं सांगू? आबांचं आता काय खरं न्हाय. पडायच्या आधी हात टेकत्यात. तोंड नुसतं लाकडाचं. ह्यापरास पोतं बरं पडतंय."

मास्तरांचा कप हवेतच राहिला. "आरं, आबांची गाडी कागलजवळ बंद पडलीया. आत्ताच निरोप आलाय."

"मग... आत कोण हाय?"

गणूमामांनी आवाज खाली आणला. "ह्या शेडात लई वर्सामागं एक नट हुता. त्योबी पडायचाच. पडायचा आन् उठून मुजरा करायचा. एकदा पडला, आमी हसत बसलो. त्यो उठलाच न्हाय."

 मग जी गडबड उडाली! लाइटवाले म्हणाले, आम्ही आत पाऊल टाकणार नाही. सुतारानं हत्यारं पिशवीत भरली. कुणी नारळाला धावलं, कुणी लिंबाला. मी गणूमामांचा हात घट्ट धरला, तर त्यांनी तो सोडवून घेतला.

"लांब ऱ्हा बाबा! तुला शिवलाय त्यो."

एवढ्यात सेटचं सामान सांभाळणारा तुका जेवून आला. सगळं ऐकून बावळटासारखा बघतच राहिला.

"भूत कुठलं, मास्तर? मीच मामांचा आरसा त्या चौकटीत बसवलाय. मोकळा पाळणा हलवू नये, तशी मोकळी चौकट बी उभी ठेवू नये, आमची आय सांगती. शूटिंगच्या टायमाला काढणारच हुतो की!"

क्षणभर कुणाला काही उमजेना. मग सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. पोट, फेटा, मिशी.

भूत नव्हतं! मला एवढं हायसं वाटलं की मी मोठ्यांदा हसलो. मास्तर हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला.

"गड्या, नजर पक्की हाय तुझी. त्या माणसाला खरंच पडाय येत न्हाय. त्येला काढलाच पायजे."

आणि काढला की!

त्या चित्रपटात मी आहे बरं का. ती रिकामी चौकट मागून धरायचं काम मिळालं. डोळे गच्च मिटून धरली होती, आत बघायची छातीच होईना. पडद्यावर माझी दोन बोटं दिसतात. कागलच्या तंबूतल्या सिनेमात वडिलांना मोठ्या हौसेनं दाखवली.

त्यांनी निरखून बघितलं. "व्हय, बोटं तुझीच. पण बोटांचं नाव कुठं आलंय? सकाळी लौकर ऊठ. दुकान उघडायचं हाय."