केकवरचं शिखर

अमेरिकेतल्या बॉथेलच्या आमच्या मराठी मंडळातल्या लोकांनी सिक्कीमला आठ दिवसांचा ट्रेक काय केला, हिमालय जणू यांच्याच तीर्थरूपांनी बांधला! परत आल्या आल्या 'हिमालयन संध्याकाळ' ठरली. स्लाइड शो, मोमो आणि शेवटी केक. त्यात कुणीतरी विचारलं, खरंखुरं कुणी लेपचा मिळेल का, त्यांच्या ड्रेसमध्ये? मिळेल का म्हणे! माणूस आहे की मेथीची जुडी?

मिळवून दिली मीच. माझ्या ऑफिसात एक लेपचा मुलगी आहे. त्या डोंगरांतली ही छोटीशी जमात. इथे तिच्याखेरीज दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही. महिन्यापूर्वी तिची आई गेली. व्हिसाच्या घोळात तिला जाता आलं नाही, विधी फोनवर पाहिला. त्यांच्यात प्रत्येक कुळाचं तिकडच्या बर्फात आपलं एक शिखर असतं. माणूस गेलं की पुजारी त्याच्या आत्म्याला तिथवर पोचवतो. आईबद्दल चार लोकांसमोर बोलायला मिळावं, एवढंच तिला हवं होतं. दहा मिनिटं नक्की, असा शब्द मी दिला होता.

फोटोच संपेनात. ज्याने त्याने आपापले बूटसुद्धा दाखवले. दहाची दोन मिनिटं झाली, दोनाचं 'नंतर बघू' झालं. मी दोनदा आठवण केली, तर अध्यक्षबाई म्हणाल्या, लोकांना भूक लागलीय गं. मग केक आला. कांचनजंगाची अख्खी रांग, वर क्रीमचा बर्फ. पाहुणी म्हणून सुरी तिच्या हातात दिली.

तिने सुरी खाली ठेवली. कडेच्या एका बुटक्या शिखराकडे बोट दाखवून मला हळूच म्हणाली, "दीदी, इथे माझी आई आहे."

अध्यक्षबाईंनी ते ऐकलं. 'सो स्वीट' म्हणाल्या आणि स्वतःच सुरी चालवली. शिवाय पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही ही आपली थोर रीत, म्हणून तेच शिखर फॉइलमध्ये बांधून तिला दिलं. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं. आणि मी, जगाला नावं ठेवणारी, काय केलं? केकसाठी माझी प्लेट पुढे केली. लाज कशी वाटली नाही मला!

तिला घरी सोडताना ते पुडकं तिच्या मांडीवर होतं. क्रीम वितळू नये म्हणून मी हीटर बंद केला. सिग्नलला तिने विचारलं, "हे आता कुठे ठेवू?"

फेकून दे, असं कुठल्या तोंडाने सांगणार? दे, माझ्या फ्रीजरमध्ये ठेवते, म्हटलं. अजून तिथेच आहे, मटारच्या पाकिटामागे. आईबद्दल मात्र मी तिला अजूनही काही विचारलेलं नाही.