कोल्हापूरचा दगड

नातीने कोलोरॅडोहून फोटो पाठवला. डोंगरवाटेवर रचलेला दगडांचा ढीग. तो बघताच नाकात पाइनच्या झाडांचा वास भरला.

ऐंशीच्या दशकात सासूबाई आमच्याकडे इथे अमेरिकेत आल्या होत्या. घरात बसून कंटाळल्या, म्हणून त्यांना कोलोरॅडोच्या डोंगरातल्या एका गावी नेलं. लुगड्यावर ह्यांचं जाकीट, पायांत कॅनव्हासचे बूट. चढावर असाच ढीग दिसला, तशा त्या बूट काढून हात जोडायला लागल्या.

“आई, देव नाही तो,” हे म्हणाले. “धुक्यात मागच्याची वाट चुकू नये म्हणून येणारा-जाणारा एकेक दगड ठेवतो.”

सासूबाईंनी शोधून एक काळा दगड वर ठेवला. “मग आमचा कोल्हापूरचा पण एक असू दे की.”

तेव्हा मला नुसती गंमत वाटली होती. आज, इथे चाळीस वर्षं काढल्यावर, मी फोटो मोठा करकरून तो काळा दगड शोधते आहे.